विठोबा थांबला होता

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भवानी पेठेतल्या एका लग्नात पंगतीला बसलेले एक गृहस्थ मोठ्या उत्साहाने सांगत होते, "पंढरपूरचा कॉरिडॉर एकदा होऊन जाऊ दे. सकाळी मोटार काढायची, दर्शन उरकायचे आणि दुपारच्या जेवणाला सोलापुरात परत. बोळात शिरायला नको, कुणाच्या घरी उतरायला नको, म्हाताऱ्यांची रडगाणी ऐकायला नकोत." पंगतीतल्या पुष्कळांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. दुसऱ्याच्या लग्नात वाद घालणे बरे नव्हे. परंतु दिवाळी अंकाला तसली अडचण नसते. म्हणून त्या गृहस्थांना, त्यांच्याबरोबर माना डोलावणाऱ्यांना आणि त्यांच्या मनातले नकाशावर उतरवणाऱ्या शहाण्यांनाही मी येथे जाहीर उत्तर देत आहे.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. मी शाळेत मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. नगररचनेच्या शास्त्रातले मला काही कळत नाही. परंतु माझे माहेर पंढरपूरचे आहे. प्रदक्षिणेच्या वाटेच्या आत एका बोळात आमचे घर आहे. त्यात माझे आईवडील राहतात आणि माझ्या दोन मुलांचे ते आजोळ आहे. पंढरीला माहेर म्हणण्याची आपल्या संतांची रीत आहे. माझ्या बाबतीत ते रूपक नाही. माझ्या आईच्या शिधापत्रिकेवरचा तो पत्ता आहे. एवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

प्रथम रस्त्याविषयी. सोलापूर ते पंढरपूर हे अंतर पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास. माझ्या लहानपणी आगगाडीने जायचे तर कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटची छोटी गाडी धरावी लागे. ती अरुंद रुळांची गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे वारकऱ्यांना वाहत राहिली. एस.टी.ने जायचे तर अर्धा दिवस मोडला असे धरूनच घरून निघायचे. आता बाळे मागे पडले की रुंद सडक लागते. लांबोटीला चिवड्याची पुडी घ्यावी, सावळेश्वरच्या नाक्यावर टोल भरावा, मोहोळला डावीकडे वळावे, की दीड तासात चंद्रभागेचा पूल दिसतो. मोहोळपासून पुढचा रस्ता तर ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाचाच भाग आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे ठरले. हे मला फार आवडले. मोटारींसाठी रस्ता बांधतानाही चालणाऱ्याची आठवण कुणाला तरी झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या छातीत रात्री कळ आली तेव्हा याच रस्त्याने त्यांना वेळेवर सोलापूरला आणता आले. तेव्हा रस्त्याची निंदा माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. या रस्त्याने जो वेळ वाचला तो गेला कुठे?

आम्ही सोलापूरकर क्षेत्रांच्या मधोमध राहणारी माणसे. एका अंगाला पंढरपूर, एका अंगाला तुळजापूर, खाली अक्कलकोट आणि त्यापलीकडे गाणगापूर. आमच्या पेठेत अशी कितीतरी घरे आहेत, की ज्यांच्या मुलांचे आजोळ यांपैकी एखाद्या गावात आहे. पूर्वी सुटी लागली की ही मुले पंधरा पंधरा दिवस तिकडे जात. आता काय होते? रविवारी पहाटे मोटार निघते. आठ वाजता ती आजोबांच्या बोळाच्या तोंडाशी उभी राहते, कारण तिथे पैसे न देता गाडी लावता येते. चपला, पिशव्या आणि झोपलेले तान्हे मूल आजीच्या हवाली होते. मग मंडळी दर्शनाला पळतात. रांग लांब असली तर आजोबांना विचारणा होते, "कुणी ओळखीचे आहे का?" दर्शन झाले की घाईघाईने दोन घास खायचे, आजीने बांधून ठेवलेले लोणचे डिकीत टाकायचे आणि निघायचे. आजोबा-आजी म्हणजे फुकटचे सामानघर, फुकटचा वाहनतळ आणि रांग चुकवण्याची चिठ्ठी! चार तासांत त्यांच्याशी झालेले बोलणे लिहून काढले तर पोस्टकार्ड पुरेल.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. शाळा उघडली की मी दरवर्षी मुलांना सुटीतल्या प्रवासावर निबंध देते. क्षेत्राला जाऊन आलेल्या मुलांच्या वह्यांत मोटारीचा रंग असतो, वाटेतल्या खानावळीत खाल्लेल्या पदार्थांची नावे असतात, किती वेळात पोचलो ते मिनिटांसकट असते. आजीवर एक ओळ असते: "आजीला भेटलो." एका वर्षी मी विषय बदलला आणि "माझे आजोळ" असा दिला. सहावीतल्या एका हुशार मुलाने हात वर करून विचारले, "बाई, आजोळ म्हणजे कोणते गाव की कोणते घर?" वर्गातली मुले हसली. मला त्या प्रश्नाचे हसू आले नाही. त्या मुलाने आमच्या साऱ्या पिढीला विचारावा असाच तो प्रश्न होता.

पंढरपूरपुरते त्याचे उत्तर मी देते, कारण ते मला माहीत आहे.

आमचे घर म्हणजे काही वाडा नव्हे, की ज्याची छायाचित्रे मासिकांत यावीत. खाली तीन खोल्या, वर माडी, मागे एक आड, आता झाकलेला. परंतु त्या घराला एक काम आहे आणि ते माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. दर आषाढीला परभणीकडची एक दिंडी आमच्याकडे उतरते. नवमी-दशमीला ती मंडळी आली की आमची भांडीकुंडी माडीवर जातात, घरची माणसे स्वयंपाकघरात सरकतात आणि उरलेले घर त्यांचे होते. एकादशीला सगळ्यांचा उपास. बारशीला पुरणाचा घाट. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की दिंडी परत फिरते. भाडे म्हणाल तर जे देतील ते. माझ्या वडिलांपाशी एक जुनी वही आहे. तीत या दिंडीतल्या घरांची नावे आहेत, कुणाच्या घरी कोण गेले, कुणाची सून यंदा प्रथम आली, कुणाला गुडघ्याचा त्रास म्हणून खालची खोली द्यायची, हे सारे तीत टिपलेले आहे. वारीला येणारा शेतकरी कुणी अनोळखी 'भाविक' नसतो. त्याचे नाव माहीत असलेले एक घर या गावात असते. पंढरपुरातली अशी घरे, मठ आणि फड हीच पंढरपूरची खरी धर्मशाळा आहे. ती कुणा सरकारने बांधली नाही की कुणा शेठजीने तिच्यावर आपली पाटी लावली नाही.

मुलांना मी दर मे महिन्यात तेथे ठेवते. निदान दहा दिवस. पहिले दोन दिवस ती कंटाळतात. तिसऱ्या दिवशी आजोबांबरोबर नदीवर जातात. कोळ्यांच्या होड्या, वाळवंटातले पुंडलिकाचे देऊळ, महाद्वार घाटाच्या पायऱ्या त्यांना ओळखीच्या होतात. बुक्का कसा काळा होतो आणि कुंकू कसे लाल होते हे ती त्या धंद्यातल्या शेजाऱ्याकडे जाऊन पाहतात. उजनीतून पाणी सोडले की कोणत्या वस्तीत आधी शिरते आणि तिथली माणसे कुठे हलतात, हे त्यांना ठाऊक आहे. देवळात ती जातात ती सकाळच्या निवांत वेळी, आणि नामदेवाच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून उडी मारून जातात. समोर चोखोबांची समाधी आहे. ती बाहेर का आहे, असे धाकट्याने विचारले तेव्हा माझ्या वडिलांनी काही न लपवता त्याला सांगितले. त्या दिवशी माझ्या मुलाने जो इतिहास शिकला तो मला शाळेत शिकवता आला नसता.

या गावावर २०२२ पासून कॉरिडॉरची छाया पडली आहे. नकाशे निघाले, बैठका झाल्या, ज्यांची घरे-दुकाने जायची त्यांनी मोर्चे काढले. रुंदीचा आकडा कुणी एक सांगतो, कुणी दुसरा. गेल्या मे महिन्यात माझ्या थोरलीने वर्तमानपत्रातला एक नकाशा आजोबांपुढे धरला आणि विचारले, "आबा, यात तुमचे घर कुठे?" वडिलांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाले, "यात घरे दाखवलेलीच नाहीत, बाळ. नुसता रस्ता दाखवला आहे." आई म्हणाली, "पैसे चांगले देतील म्हणतात." तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते ऐकून मी लेखणी उचलली. ते म्हणाले, "पैसे मला देतील. पण आषाढीला दिंडी येईल, तिला पत्ता कोण देईल?"

आता कॉरिडॉरवाल्यांचे म्हणणे ऐकू. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची वस्ती लाखाच्या आसपास भरली. आषाढीला त्याच गावात त्याच्या कितीतरी पट माणसे येतात. बोळ अरुंद आहेत. गर्दीत कुणी कोसळले तर रुग्णवाहिका आत शिरत नाही. बायकांची तर फार कुचंबणा होते. चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न कोणत्याही शासनाने विचारलाच पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी एखादा बोळ रुंद करायचा असेल तर माझ्या माहेरची ओसरी पहिली काढा. मी स्वतः कुदळ घेऊन येते.

परंतु वाट काढणे वेगळे आणि वस्ती काढणे वेगळे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या. त्यांतही खरी महागर्दी मोजक्या दिवसांची. त्या दिवसांसाठी वर्षभराचे गाव उठवायचे, हे कसले गणित? चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी कोणी घरातली म्हातारी माणसे कायमची बाहेर काढत नाही. आणि गर्दीला जागा गावाबाहेर करता येते, हे पंढरपुरातच सिद्ध झाले आहे. नदीपलीकडच्या पासष्ट एकरांवर वारीत दिंड्यांच्या राहुट्या पडतात, पाणी आणि वीज तिथे पोचते. वाहने तिकडे थांबवा, रांगा तिकडून लावा, दर्शनाची वेळ ठरवून द्या. यंत्रयुगात हे अशक्य नाही.

कॉरिडॉरवाले मग काशीचे नाव घेतात. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या कॉरिडॉरचे उद्घाटन झाले. तीनशेहून अधिक मालमत्ता विकत घेऊन त्या मोकळ्या केल्या, तेव्हा देवळापासून गंगेपर्यंत वाट झाली. वाट भव्य आहे. देखावा डोळे दिपवणारा आहे. तेथे आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली गेली: घरे पाडताना त्यांच्या आत चाळीसहून अधिक जुनी देवळे सापडली! मला हे वाचून नवल वाटले ते सांगणाऱ्यांचे. सापडली म्हणजे काय? ती हरवली होती थोडीच. त्या घरांत राहणाऱ्यांनी इतकी वर्षे त्यांना आसरा दिला होता. देवळे सापडली म्हणून आनंद करायचा आणि ज्यांनी ती सांभाळली ते आता कुठे दिवा लावतात हे विचारायचे नाही, ही कोणती भक्ती?

पंढरपूरचे देऊळ माणसांची नावे विसरणारे नाही. तिथे चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून एक शिळा आहे. १२७३ ते १२७७ या काळात देवळासाठी ज्यांनी दान दिले त्यांच्या नोंदी तीवर कोरल्या आहेत. यादवांच्या काळातल्या लोकांपाशी ना छापखाना होता ना संगणक. तरी देणाऱ्याचे नाव त्यांनी दगडात ठेवले. साडेसातशे वर्षांनंतर, अख्खे घर देणाऱ्याला नकाशात साधा चौकोनही मिळू नये?

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. "तुम्ही ज्या जुन्या पंढरपूरचे गोडवे गाता, तेच पंढरपूर अन्यायाचे माहेरघर नव्हते काय? त्याच बोळांत गोरगरीब वारकरी नाडला गेला ना?" होय, नाडला गेला. जुन्या भिंती पवित्र असतात असे मानणाऱ्यांतली मी नव्हे. परंतु या गावात झालेल्या खऱ्या सुधारणा आठवून पाहा. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी येथे उपोषण केले आणि ज्यांना अस्पृश्य म्हणून शतकानुशतके पायरीखाली ठेवले त्यांच्यासाठी विठोबाचे दार उघडले. १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क त्याने काढून घेतले. त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद संपवला. त्याच वर्षी पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवण्यात आले. त्याच्याही पुष्कळ आधी, १८७५ साली, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या मुलांसाठी याच गावात आश्रम काढला. ही सारी कामे डोंगराएवढी होती. त्यांतल्या एकाही कामासाठी कुणाचे घर पाडावे लागले नाही. दार उघडायला भिंत पाडावी लागत नाही. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याचे मन वळवावे लागते, नाहीतर कायद्याने त्याच्या हातून किल्ली घ्यावी लागते. हे काम अवघड असते. भिंत पाडणे त्या मानाने सोपे, आणि ते छायाचित्रात चांगले दिसते.

येथवर मी व्यवहाराची भाषा बोलले. आता धर्माची बोलते, कारण कॉरिडॉर हवा असणारे धर्माच्या नावानेच तो मागत आहेत.

पंढरपूर हे क्षेत्र झाले कशाने? पुंडलिकाने. आणि पुंडलिकाची कथा मुळात एका कुटुंबाच्या प्रवासाचीच कथा आहे. घरातली सारी मंडळी काशीला निघाली होती. पुंडलिक आणि त्याची बायको घोड्यावर; म्हातारे आईबाप पायी. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला आपले वागणे कळून आले आणि तो काशीची वाट सोडून परत फिरला. पुढे तो आईबापांचे पाय चेपत असताना देव स्वतः त्याच्या दारी आला. पुंडलिकाने काय केले? "आई, बाबा, उठा, देव आला आहे, जागा करा," असे तो म्हणाला नाही. त्याने देवाकडे एक वीट सरकवली आणि त्याला थांबायला सांगितले. देवही रागावला नाही. कमरेवर हात ठेवून थांबला. आजही तसाच उभा आहे, आणि कोणीही जाऊन त्याच्या पायांवर डोके ठेवावे इतका जवळ उभा आहे.

भारतात क्षेत्रे पुष्कळ आहेत. कुठे देवाने राक्षस मारला, कुठे देव प्रकटला, कुठे नदीचा उगम झाला. म्हाताऱ्या माणसांची उठाठेव नको म्हणून देव ताटकळला, असे हे एकच क्षेत्र मला माहीत आहे. ज्या पुंडलिकाने काशीची वाट सोडली त्याच्याच गावात आज काशीचा नकाशा आणून सांगतात, की देवाकडे जायला वाट अरुंद पडते, तेव्हा म्हाताऱ्यांना उठवा! या मागणीत आणि घोड्यावर बसून आईबापांना पायी चालवणाऱ्या पहिल्या पुंडलिकात फरक काय? माझ्या वडिलांनी आयुष्यभर माळ घातली आहे. ते मोर्च्याला गेले नाहीत. ते म्हणतात, "पांडुरंगाला जागा लागत असेल तर घ्या म्हणावे. पण त्याने मागितली आहे का, एवढे आधी विचारा."

आता थोडे आमच्याच माणसांविषयी, कारण सारा दोष नकाशा काढणाऱ्यांवर टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी खरे नाही.

घर रिकामे व्हायला बुलडोझरच यावा लागतो असे नाही. ज्या घरात मुले-नातवंडे वर्षातून चार तास येतात ते घर अर्धे पडलेलेच असते. आज कॉरिडॉरच्या विरोधात गळा काढणाऱ्यांत असे किती आहेत, की जे पुण्या-मुंबईत बसून "आमचा वाडा, आमची संस्कृती" असे लिहितात आणि त्या वाड्यातल्या आईला शेवटचे कधी भेटले हे त्यांना आठवत नाही! आणि कॉरिडॉरच्या बाजूचे असे किती आहेत, की ज्यांना ना देवाची घाई आहे ना गर्दीची चिंता. जुन्या घराचे वाटे पडत नाहीत, म्हातारा सही करीत नाही, तेव्हा सरकारनेच ते विकत घेतले तर बरे, एवढाच ज्यांचा हिशेब आहे! भाऊ भावाला फोन करून विचारतो, "भाव काय लागेल?" आबांना कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्या संभाषणात शेवटी येतो, आणि कधी येतही नाही. एक गट आठवणी विकत नाही म्हणून ओरडतो, दुसरा घर विकायला टपलेला आहे. आणि दोघांच्या मध्ये जी म्हातारी माणसे रोज सकाळी उठून अंगणात सडा टाकतात त्यांना कोणी विचारीत नाही.

आम्ही सोलापूरकरांनी तरी हे ओळखायला हवे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्यांवर हे शहर उभे राहिले. गिरण्या गेल्या. कामगारांच्या देण्यांचे आकडे पुष्कळ वर्षे वर्तमानपत्रांत येत राहिले. परंतु भोंग्याबरोबर उठणारी आळी, पाळीवरून येणाऱ्या माणसाची वाट पाहणारी दारे, एकमेकांच्या मुलांना जेवू घालणाऱ्या बाया, यांचा आकडा कुठल्याही देण्यात धरलेला नव्हता. आमच्या पेठेत त्या गिरण्यांतून बाहेर पडलेल्या माणसांची नातवंडे माझ्या वर्गात बसतात. मोडलेली आळी पैशाने परत उभी राहत नाही, हे मला कुणा तज्ज्ञाने सांगायला नको.

मग करावे काय? नुसता विरोध करून मी थांबत नाही.

पहिले, जो काही आराखडा करायचा त्यात घरे दाखवा. घरांत राहणारी माणसे मोजा. मालक मोजाल तसे भाडेकरू मोजा, बुक्का कुटणारा मोजा, फुलांची पाटी घेऊन बसणारी मोजा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हे सांगितलेलेच आहे. जागा घेण्यापूर्वी तिचा समाजावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा, असे तो कायदा म्हणतो. आणि तीन वर्षे तेथे राहणारे किंवा त्या जागेवर पोट भरणारे कुटुंबही तो बाधित मानतो, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो. परंतु सरकारने जागा वाटाघाटीने थेट विकत घेतली तर हा सारा खटाटोप करावा लागत नाही. माझी मागणी अशी, की पळवाट असली तरी ती वापरू नका. अभ्यास करा, तो मराठीत छापा आणि गावात वाचून दाखवा.

दुसरे, साठ-सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या घरी जाऊन विचारा. कचेरीत बोलावू नका. त्यांचे गुडघे दुखतात. मुलाची सही चालणार नाही, जावयाची तर नाहीच.

तिसरे, रुग्णवाहिकेची वाट, स्वच्छतागृहे, विसाव्याच्या जागा यांसाठी जेवढे लागेल तेवढेच घ्या, आणि गर्दी नदीपलीकडे आवरा. ज्यांची घरे खरोखर घ्यावी लागतील त्यांना गावातच, नदीच्या अलीकडेच, घर द्या. नाहीतर आषाढीला त्यांच्या दिंड्या उघड्यावर पडतील.

चौथी मागणी सरकारकडे नाही. माझ्या पेठेतल्या, माझ्या जिल्ह्यातल्या वाचकांकडे आहे. ज्यांची आजोळे पंढरपुरात, तुळजापुरात, अक्कलकोटात आहेत त्यांनी या दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन तिकडे जावे आणि राहावे. दर्शन झाले नाही तरी चालेल. एक रात्र नव्हे, चार रात्री राहावे. मुलांना आजोबांबरोबर भाजी आणायला पाठवावे, आजीजवळ झोपू द्यावे. घरात कोणती दिंडी उतरते, तिच्यात कोण कोण आहे, ते विचारून वहीत उतरून घ्यावे. आजोबांची दृष्टी मंद झाली असेल तर नातवाने ती वही पुढे चालवावी. सरकारी मोजणी येईल तेव्हा दार उघडायला म्हातारे जोडपे एकटे नसावे. त्यांच्या मागे घरातली तरुण माणसे उभी असावीत आणि त्यांना या घराविषयी काही सांगता यावे. ज्या गावात नातवंडांचा राबता आहे ते गाव उठवणे कोणत्याही शासनाला जड जाते, आणि ज्या गावाला त्याच्याच माणसांनी सोडले ते गाव उठवायला फार थोडा कागद लागतो.